बापाची बाजू

११ जानेवारी, शनिवार

मुलगी हुशार आहे. पण बाप खोलीतून उठत नाही!

आज नाबरांकडे पहिला क्लास. दुबईतलं डिस्कव्हरी गार्डन्स, दुसरा मजला. मिहिका लवकरच अठरा पूर्ण करणारी, मे-जूनमध्ये इंग्लिश लिटरेचरची ए-लेव्हल परीक्षा. मला वाटलं होतं, उपेंद्र नाबर दार उघडतील, दोन शब्द बोलतील आणि आपल्या कामाला लागतील. छे. मिहिकाच्या मागे खुर्ची ओढून बसले ते क्लास संपेपर्यंत. मोबाइलही काढला नाही. काढला असता तर बरं वाटलं असतं.

बोलायला अतिशय गोड. "मॅडम, तुम्ही चालू ठेवा. मी इथे नाहीच असं समजा." कसं समजायचं? ती प्रत्येक वाक्याआधी किंचित थांबते. मागे वळत नाही — पण थांबते.

त्यांच्या मिसेस, हेमाताई, चहा ठेवून गेल्या.

मला नाही म्हणता येणार नव्हतं. लॉरेन्स नोकरीला होता ते हॉटेल बंद पडलं, व्हिसाची मुदत संपत आली, माझी शाळेतली नोकरी तर त्याआधीच सुटलेली. तेव्हा याच माणसानं जबल अलीच्या केटरिंग कंपनीत माझ्या नवऱ्यासाठी शब्द टाकला. मालक त्यांचा मित्र. आज आम्ही या देशात आहोत ते त्या शब्दावर. "आमच्या मुलीला निबंध लिहायला शिकवा," एवढंच म्हणाले. एवढं तर करायलाच हवं ना.

१८ जानेवारी, शनिवार

मिहिकाचा पहिला निबंध. सिलॅबसमधलं नाटक — धान्याचा व्यापारी, त्याची एकुलती एक मुलगी, आणि ती घराबाहेर पडू नये म्हणून त्यानं केलेले एकेक उपाय. शेवटी मुलगी जाते. प्रश्न नेहमीचाच: बाप क्रूर आहे की घाबरलेला?

चार पानं भरून गोष्ट सांगितलीये! मी म्हटलं, "बाळ, एक्झामिनरनं नाटक वाचलंय. त्याला गोष्ट नको, तुझं मत हवंय. आणि असं मत, की ऐकून समोरचा 'काहीतरीच काय!' म्हणू शकेल. ज्याला कुणी नाही म्हणूच शकत नाही ते मत नसतं, ती नुसती माहिती."

ती म्हणाली, "व्हॉट इफ आय डोन्ट हॅव वन, मॅम?"

"मत? सगळ्यांना असतं."

हसली. पहिल्यांदाच. मागे खुर्ची करकरली, आणि हसू मिटलं.

निघताना बाथरूमला गेले. आतून कडी नाही. कडीच्या जागी स्क्रूची भोकं, पांढरी पुट्टी भरून नीट सारखी केलेली. बाहेर येताना बघितलं, मिहिकाच्या खोलीच्या दारालाही तसंच. आमच्या वसईच्या घरी दारं फुगली की कड्या लागायच्या नाहीत, ते वेगळं. या काढलेल्या आहेत.

लॉरेन्सला सांगितलं. म्हणाला, "मुलं आत कोंडून घेतात आजकाल. घाबरत असेल बिचारा."

असेल.

१ फेब्रुवारी, शनिवार

काय लिहिलंय पोरीनं!

पहिलंच वाक्य: व्यापाऱ्याचं मुलीवर प्रेम नाही, तिच्या परत येण्यावर आहे, आणि परत येण्याची खात्री करायची तर तिला मुळात जाऊच न देणं बरं. मी थबकलेच. मग पुरावा काय दिला? मी अवतरणं छोटी घ्यायला सांगितली होती — दोन शब्द उचल आणि खण. तिनं त्यापुढची गोष्ट केली. लिहिलं की अख्ख्या नाटकात बाप मुलीला एकही प्रश्न विचारत नाही. हुकूम देतो, माहिती देतो, लाड करतो. विचारत काहीच नाही. मी हे नाटक किती वर्षं शिकवतेय. माझ्या कधी लक्षात आलं नाही!

मी मोठ्यानं वाचून दाखवलं. शिक्षकाला असा आनंद क्वचित होतो, मला भानच राहिलं नाही.

वाचून झालं तेव्हा उपेंद्रनी हात पुढे केला. कागद घेतले, सावकाश वाचले, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवले.

"छान आहे. कोणाबद्दल लिहिलंय?"

मिहिका म्हणाली, "द मर्चंट, बाबा."

"अच्छा."

हेमाताई दाराशी उभ्या होत्या, रिकामा ट्रे हातात. चहा कधीच संपला होता. बऱ्याच वेळच्या उभ्या असाव्यात.

२ फेब्रुवारी, रविवार

चर्चमध्ये मासला गेले होते, लक्ष लागलं नाही. तो खिसाच दिसत होता.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज पुस्तक उघडायच्या आधीच उपेंद्र म्हणाले, "मॅडम, मी जरा वाचलं. मार्किंग स्कीम वगैरे. टॉप बँडसाठी दुसरी बाजूही मांडावी लागते. बरोबर?"

बरोबरच होतं.

"मग मिहिकाला बापाची बाजू लिहू दे. पूर्ण निबंध. तिला सगळं एकांगी दिसतं. वय आहे."

मी म्हटलं, एका निबंधातच दोन्ही बाजू यायला हव्यात, तो एक परिच्छेद असतो. ते हसले. "एक परिच्छेद? तेवढ्यात माणूस समजतो का?" मग माझ्याकडे बघत, अगदी सहज — "लॉरेन्स खूश आहे ना तिकडे? मालक परवाच विचारत होते, त्याला पुढे ठेवायचं का म्हणून. मी म्हटलं, ठेवा, ठेवा, आपला माणूस आहे."

मी मिहिकाला म्हटलं, "लिही. उलट बाजू लिहिता आली तर आपली बाजूही पक्की होते." खोटं नव्हतं ते. पण मी ते तिच्यासाठी म्हणाले नव्हते.

लॉरेन्स रात्री जेवताना म्हणाला, "अगं, निबंधच आहे. लिहू दे आणि खलास."

२२ फेब्रुवारी, शनिवार

तिनं लिहिलं. पहिल्यापेक्षा सरस.

तोच पुरावा उलटा फिरवला. म्हणे, बाप प्रश्न विचारत नाही कारण त्याला उत्तराची भीती वाटते. ज्याच्याकडे एकच माणूस उरलंय तो धोका कसा पत्करील? बंद दार म्हणजे तुरुंग नव्हे, ती त्याची प्रार्थना. व्याकरण, भाषा, रचना — कुठे बोट ठेवायला जागा नाही. प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य नुसतं वाचत गेलं तरी युक्तिवाद सलग उभा राहतो, अगदी मी शिकवलं तसा.

उपेंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच! रुमाल काढला. मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं मान हलवली नाही, खांदे तेवढे वर गेले.

"अजून एक, मॅडम. याच बाजूनं. प्रॅक्टिस होईल."

मला वाईट वाटायला हवं होतं. मला अभिमान वाटला.

१ मार्च, शनिवार

रमजान सुरू. लॉरेन्सची ड्यूटी इफ्तारच्या ऑर्डर्समुळे उलटीपालटी. कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं, पण सहाच महिन्यांचं. बाकी सगळ्यांचं दोन वर्षांचं.

१५ मार्च, शनिवार

आज उपेंद्र एका फोनसाठी बाल्कनीत गेले. काच सरकवून घेतली, पण तोंड आमच्याकडेच.

मी पटकन विचारलं, "पुण्याचं काय ठरलं?" हेमाताईंची धाकटी बहीण पुण्यात असते. तिच्याकडे राहून कॉलेजात इंग्रजीच करायचं, हे मिहिकानं मला पहिल्या महिन्यात सांगितलं होतं. तिच्या वडिलांचं म्हणणं, इथेच बिझनेसचा कोर्स, घरून ये-जा, आणि मग त्यांचंच कार्गोचं ऑफिस.

ती म्हणाली, "आय ॲम नॉट गोइंग, मॅम."

"त्यांनी नाही म्हटलं?"

"नो. आय थॉट अबाउट इट." मग पेन्सिलीचं टोक वहीवर दाबत म्हणाली, त्या व्यापाऱ्याच्या बाजूनं ती इतक्यांदा लिहीत गेली की आता दुसरी बाजू सुचतच नाही. जी जाते ती मुलगी स्वार्थी वाटते. "यू सेड राइट इट टिल यू बिलीव्ह इट. सो."

मी असं म्हटलं होतं? हो. म्हटलं होतं. हे मी सगळ्यांनाच सांगते. मतं बदलून बघा, अंगरखा बदलतात तशी.

काच सरकली. उपेंद्र आत आले. "काय चाललंय?"

"नाटकाचा कॉन्टेक्स्ट," मी म्हटलं.

१६ मार्च, रविवार

मुलीला पटवायचं काम त्या माणसाला स्वतःला करावं लागलंच नाही. त्याच्यासाठी मी केलं, दर शनिवारी, मार्क देऊन देऊन.

आजपासून त्याला 'ते' लिहिणार नाही. निदान इथे तरी.

५ एप्रिल, शनिवार

ठरवून गेले होते. घड्याळ लावून निबंध घेतला, प्रश्न माझ्या मनानं दिला: शेवटी मुलगी जाते, तिचं जाणं योग्य ठरवा. म्हटलं, आज फक्त तिची बाजू, पेपरला हेही येऊ शकतं.

मिहिका कागदाकडे बघत बसली. पाच मिनिटं आराखड्याची असतात. तिचा आराखडा कोरा. अर्धा वेळ गेला. मग तिनं तारीख लिहिली, नाव लिहिलं, आणि रडायला लागली — आवाज न करता, पाठ ताठ ठेवून, म्हणजे मागे बसलेल्याला कळू नये.

त्याला कळलं. उठला, कोरा कागद उचलला, मला दिला.

"मॅडम, उगाच प्रेशर नको देऊ या." मग मला दारापर्यंत सोडायला आला. लिफ्टपाशी म्हणाला, "घरी शिकवायला आता परमिट लागतं ना? तुमचं आहे की एक्स्पायर झालंय? नाही, सहज. लोक तक्रारी करतात हो. मी म्हणतो, का कोणाच्या पोटावर पाय द्यायचा."

माझं एक्स्पायर झालंय. हे त्याला कोणी सांगितलं?

लॉरेन्सला सगळं सांगितलं. त्यानं टीव्ही लावला. मग म्हणाला, "परीक्षेपर्यंत सांभाळ. मग इन्शाल्ला दुसरीकडे बघू." माझ्याकडे बघून नाही म्हणाला, टीव्हीकडे बघून.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

सकाळी आमच्या मनखूलच्या सुपरमार्केटमध्ये ईस्टरचं सामान घ्यायला गेले, तर भाजीच्या रॅकपाशी हेमाताई! डिस्कव्हरी गार्डन्सहून इतक्या लांब. ब्लाउज शिवायला टाकायचे म्हणून बर दुबईत आलेय, म्हणाल्या. पण त्या माझीच वाट बघत होत्या, हे दिसतच होतं.

"टीचर, मिहिकाचा तो पहिला निबंध... त्यांनी ठेवून घेतला तो. मला इंग्रजी वाचायला वेळ लागतो, आणि आता तर कागदच नाही. तुम्हाला आठवतो?"

आठवतो म्हणजे? पाठ आहे.

"मराठीत सांगाल?"

भेंडी आणि कढीपत्त्याच्या मधे उभी राहून मी तो सांगितला. बाप मुलीला एकही प्रश्न विचारत नाही — इथे आले तेव्हा त्यांचा भेंडी निवडणारा हात थांबला. मग परत निवडायला लागला. मी शेवटपर्यंत सांगितलं. मुलीचं जाणं हे बापाला दिलेलं उत्तर आहे, त्यानं कधी न विचारलेल्या प्रश्नाचं — असा शेवट केला होता पोरीनं.

हेमाताई म्हणाल्या, "हे तिनं स्वतः लिहिलं?"

"स्वतः."

"आणि आता म्हणते, जायचं नाही."

"हो."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. त्यांचा चेहरा एका क्षणात पुसल्यासारखा झाला. फोनमधून आवाज, तोच गोड — "कुठे पोचलीस? जरा फिरव बघू कॅमेरा." त्यांनी फोन हळूहळू गोल फिरवला. भेंडी, टोमॅटो, काउंटर. आणि मी, सेहेचाळीस वर्षांची बाई, तांदळाच्या पोत्यांमागे वाकून बसले!

उठले तोवर त्या गेल्या होत्या. भेंडीची पिशवी वजनकाट्यावर तशीच.

संध्याकाळी चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेला सगळे गुडघे टेकत होते. मला पोती आठवत होती.

३ मे, शनिवार

शेवटचा क्लास. नवीन काही शिकवलं नाही. सांगितलं: प्रश्न दोनदा वाच. आराखड्याची पाच मिनिटं कोणी हिसकावून घेऊ देऊ नकोस. समारोपात आधीचंच परत सांगू नकोस, तिथे पोचल्यावर जे नवीन दिसतं ते सांग. आणि हॉलमध्ये तुझ्यामागे कोणीही बसलेलं नसेल.

हे शेवटचं मी हॉलमधल्या देखरेखीबद्दल बोलल्यासारखं बोलले. ती समजली असावी. वर बघितलं.

तोही समजला असावा. "हॉलबाहेर हेमा असेलच," म्हणाला. "ती नेईल, ती आणील."

२० मे, मंगळवार

पहिला पेपर झाला. त्याचा मेसेज: "बापाचाच प्रश्न आला, मॅडम. थँक यू." सोबत हात जोडलेले.

ती काय लिहून आली, कोणाला माहीत.

३ जून, मंगळवार

दुपारी उपेंद्रचा फोन. "मिहिका तुमच्याकडे आलीये का?"

मी म्हटलं, नाही, आज दुसरा पेपर ना?

"पेपर सकाळीच संपला." श्वास ऐकू येत होता. "हेमा म्हणते, ती बाहेर आलीच नाही. शाळेच्या गेटवर वाट बघत राहिली म्हणे. मुलगी हवेत विरली?"

मला खरंच काही माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

"पासपोर्ट तिच्याकडे आहे," तो म्हणाला. "परीक्षेला ओरिजिनल लागतो म्हणून मीच दिला. दोन्ही दिवस. माझ्या हातानं दिला मी, मॅडम."

फोन ठेवला आणि मोठ्यानं प्रार्थना म्हणायला लागले. आनंदानं की भीतीनं, मला सांगता येणार नाही.

४ जून, बुधवार

आला. बेल दाबून उभा. लॉरेन्स घरीच होता, देवाची कृपा.

सोफ्यावर बसला, चहा मागितला, पूर्ण प्यायला. कपडे इस्त्रीचे, दाढी केलेली. म्हणाला, "पुण्याला गेलीये. मेहुणीनं कबूल केलं. अठरा पूर्ण, तेव्हा पोलिस काही करणार नाहीत. मला फक्त एकच कळून घ्यायचंय — तिकीट कोणी दिलं, टॅक्सी कोणी केली. मुलीला स्वतःला सुचणारं काम नाही हे."

लॉरेन्स म्हणाला, "साहेब, थेरेसाचा यात हात नाही."

"तुला काय माहीत लॉरेन्स? तू तर ड्यूटीवर असतोस." मग माझ्याकडे वळला. "तुम्ही दुसरी बाजू मांडायला शिकवता ना? मग मांडा. माझ्या बाजूनं काय म्हणता येईल, सांगा."

तो थांबून राहिला, खरंच उत्तर हवं असल्यासारखा. मग कप नीट बशीवर ठेवून निघून गेला.

लॉरेन्सनं दार लावलं आणि तसाच दाराला पाठ टेकून उभा राहिला. म्हणाला, "हा माणूस मला कधी असा दिसलाच नव्हता गं."

६ जून, शुक्रवार. ईद

अनोळखी नंबर. हेमाताई! बिल्डिंगच्या वॉचमनच्या, जमालच्या फोनवरून. घाईघाईत, कुजबुजत.

"टीचर, मीच बसवलं तिला विमानात."

मी खुर्चीवर बसले.

तिकीट बहिणीनं काढलं. पेपर संपल्या संपल्या टॅक्सी करून दोघी थेट एअरपोर्टला. मिहिका टॅक्सीत म्हणत होती, आई, मला जायचं नाही, बाबा एकटे पडतील. हेमाताईंनी तिला काय सांगितलं? "तिचाच निबंध सांगितला हो. तुम्ही सांगितलेला, जसा आठवला तसा, मराठीत. मला कुठे वाद घालता येतो? म्हटलं, हे तूच लिहिलंयस ना, मग हे खोटं होतं की आत्ताचं खोटं आहे? इमिग्रेशनच्या रांगेत गेली ती मागे बघत बघत. पण गेली."

मी रडत होते. त्या रडत नव्हत्या.

"त्यांना वाटतं, तुम्ही केलंत. अजून माझ्यावर नजर गेली नाही. जाईल."

"तुम्हीपण निघा, हेमाताई. आजच."

"माझा पासपोर्ट ऑफिसच्या तिजोरीत. मिहिकाचाही तिथेच असायचा, परीक्षेमुळे बाहेर आला." मग म्हणाल्या, मिहिका रिझल्टच्या दिवशी तुम्हाला फोन करील, तोवर नको, तुम्हालाच खरोखर काही माहीत नसलेलं बरं. "ठेवते. लिफ्ट आली."

१२ जून, गुरुवार

लॉरेन्सच्या कंपनीत अजून तरी काही नाही. रोज तो घरी येतो तेव्हा मी आधी त्याचा चेहरा बघते.

१९ जून, गुरुवार

हेमाताईंना मेसेज केला — कशा आहात? दोन शब्द, धोका नको म्हणून. उत्तर नाही.

५ जुलै, शनिवार

देवा, तुझे उपकार!

काल नाबर लॉरेन्सच्या ऑफिसला आला होता, मालकाकडे. पेढ्यांचा बॉक्स घेऊन! लॉरेन्सला केबिनमध्ये बोलावलं, पाठीवर हात ठेवला. म्हणाला, "झालं गेलं. पोरगी शिकतेय तर शिकू दे. हेमालापण पाठवली तिच्याकडे, गेल्या आठवड्यात. आई जवळ असली की बरं." आणि माझी माफी मागितली, लॉरेन्सजवळ. "मॅडमना सांग, मी तेव्हा भानावर नव्हतो."

म्हणजे पासपोर्ट त्यानं स्वतः काढून दिला. मला तर खरंच वाटेना. लॉरेन्स म्हणाला, "अगं, एकटा पडला की माणूस वितळतो." मेणबत्ती लावली. जूनपासून पहिल्यांदा पोटभर जेवले.

९ जुलै, बुधवार

हेमाताईंचं उत्तर आलं, एवढ्या दिवसांनी! "ऑल गुड मॅडम. पुणे इज नाइस. डोन्ट वरी." इंग्रजीत! मुलीकडे राहून शिकल्या वाटतं. इकडे मला टीचर म्हणायच्या.

२६ जुलै, शनिवार

लॉरेन्सचं कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांचं झालं. मालक म्हणाला, नाबरसाहेबांनी स्वतः सांगितलं. मला का बरं वाटत नाहीये? लॉरेन्स म्हणतो, तुला वाईटाचीच सवय झालीये.

काम होतं म्हणून त्या बाजूला गेले होते. त्यांच्या बिल्डिंगखाली टॅक्सी थांबवली. वर बघितलं — बाल्कनीची काच बंद, आतून जाड पडदा, भर उन्हाळ्यात एसीचं पाणी टपटप गळत होतं. जमाल दिसला नाही. नवीन वॉचमन होता, म्हणाला, जमाल को निकाल दिया, मालूम नहीं क्यों.

खाली उतरले नाही. तशीच परत आले.

१४ ऑगस्ट, गुरुवार

ए-स्टार! सकाळी मिहिकाचा फोन पुण्याहून. काय ओरडली! पहिल्या पेपरला तिनं मुलीचीच बाजू लिहिली होती. बापाच्या बाजूला एक परिच्छेद दिला, म्हणाली, जस्ट वन, मॅम. मी हसत होते, रडत होते. म्हटलं, आता आईला दे फोन, तिचं अभिनंदन आधी.

मग ती बोलली. मराठीत. माझ्याशी कधीच मराठीत बोलली नव्हती.

"आई? आई तिकडेच आहे ना, मॅम? मेसेज येतात तिचे रोज. फोन मात्र उचलत नाही ईदपासून. बाबा म्हणतात, ती रागावलीये माझ्यावर."

लॉरेन्सनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि न विचारता गाडीची किल्ली घेतली. पोलिसांना वाटेतूनच फोन करायचा. डिस्कव्हरी गार्डन्सला निघालो.